भिंतीतली वायर

मराठी घरांत ‘ब्लॉक’ म्हटले की डोळ्यांपुढे रक्तवाहिनी येते. कुणाला दोन ब्लॉक निघाले, कुणाला तीन. एकाने स्टेंट टाकून घेतला, दुसऱ्याचे बायपास झाले. म्हणूनच हृदयाच्या जाड स्नायूवर उपचार करून घेतलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना तिसऱ्या दिवशी ‘हार्ट ब्लॉक झालाय, पेसमेकर बसवावा लागेल’ असे सांगितले जाते, तेव्हा घरच्यांची मती गुंग होते. अँजिओग्राफीत तर सगळ्या नळ्या मोकळ्या होत्या, मग ब्लॉक आला कुठून? तो आलेला असतो विजेच्या वाटेवर. हृदयाला आकुंचनाचा हुकूम देणारा विद्युत्संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाताना मध्येच अडतो, आणि नाडी मिनिटाला तीस-चाळीसवर येते. ज्या कामासाठी रुग्ण दाखल झाला ते काम फत्ते झालेले असते आणि तरीही एक नवा आजार पदरात पडलेला असतो. पुढची प्रकरणे या आणि अशाच तालबिघाडांविषयी आहेत. वाचकाने त्यांच्याकडे वळण्याआधी एक मुद्दा मात्र इथेच मांडायला हवा. ही गुंतागुंत सहसा दैवाची खेळी नसते. तिचे मूळ शरीररचनेत असते, तिची चाहूल पुष्कळदा प्रक्रियेआधीच्या साध्या ईसीजीत लागते, आणि म्हणून तिचा हिशेब कोणती प्रक्रिया करायची हे ठरवतानाच मांडला पाहिजे.

आजाराचे पूर्ण नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. डॉक्टरांच्या बोलण्यात एचसीएम. रक्तदाब किंवा झडपेचा विकार यांसारखे वरकरणी कारण नसताना हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होते. निरोगी प्रौढात साधारण एक सेंटिमीटरच्या आत असलेली ही भिंत इथे १५ मिलिमीटरच्या पुढे जाते, कधी तिशीही ओलांडते. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधले विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टीअर यांनी १९५८ साली मोजक्या तरुणांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतल्या बहुतेकांना अचानक मृत्यू आला होता, आणि दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा एका बाजूने बेढब फुगलेला होता. आधुनिक वैद्यकात या आजाराची ओळख तिथून सुरू झाली. पुढे कळले की हा बहुधा घराण्यातून चालत येणारा आजार आहे, स्नायूच्या आकुंचनाची प्रथिने बनवणाऱ्या जनुकांत दोष असतो, आणि तो वाटतो तितका दुर्मीळ नाही. अमेरिकेतल्या १९९५ सालच्या पाहणीत प्रौढांपैकी साधारण ५०० जणांत एकाला तो आढळला. आपल्याकडचा संदर्भ वेगळाच आहे. भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा असलेल्या, २००९ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार आकुंचनाच्या याच जनुकांपैकी एकातला २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असणे हे दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत दिसते, आणि त्याचा संबंध हृदयस्नायूच्या विकारांशी आहे. तो तुकडा नसलेला प्रत्येक जण आजारी पडतो असे मुळीच नाही. पण हा विषय परदेशी पाठ्यपुस्तकातला म्हणून बाजूला सारण्याची सोय मराठी वाचकाला उरत नाही, एवढे खरे.

जाड पडद्याचा सर्वांत मोठा जाच म्हणजे तो रक्ताची वाट अडवतो. रक्त बाहेर फेकले जात असताना पडद्याचा फुगवटा आणि त्याच्याकडे ओढली जाणारी मायट्रल झडपेची पाकळी यांच्यामध्ये महाधमनीकडे जाणारी वाट चिंचोळी होते. कप्प्याच्या आत दाब जास्त, बाहेर कमी. हा फरक पाऱ्याच्या ३० मिलिमीटरपासून पुढे गेला की अडथळा आहे असे मानतात, आणि ५० च्या वर गेला व औषधे घेऊनही दम लागणे, छातीत दुखणे, भोवळ येणे थांबले नाही, तर पडदा पातळ करण्याचा विचार होतो. जाड झालेली जागा पातळ करायची, हे ऐकायला सरळ वाटते. मात्र याच पडद्यातून हृदयाची वीज जाते. विल्हेल्म हिस या तरुण संशोधकाने १८९३ साली वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा तंतूंचा जुडगा दाखवला. १९०६ साली मारबुर्ग येथे काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरने त्या जुडग्याचा उगम आणि त्याच्या फांद्या शोधून सगळा नकाशाच पुरा केला. जुडगा पडद्याच्या माथ्याशी, महाधमनीच्या झडपेच्या अगदी खाली उतरतो. तिथून उजवी शाखा बारीक दोरीसारखी एकटी निघते. डावी शाखा पडद्याच्या डाव्या अंगावर, अस्तराच्या लगेच खाली, पंख्यासारखी पसरते. जुन्या घराची भिंत फोडताना गवंडी आधी विचारतो, वायरिंग कुठून गेले आहे? इथे भिंतही तीच आणि वायरही त्याच भिंतीत.

भिंतीपर्यंत पोचायच्या दोन वाटा आहेत. पहिली शस्त्रक्रियेची. लंडनमध्ये विल्यम क्लीलँड यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस तिची सुरुवात केली, आणि अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये अँड्र्यू ग्लेन मॉरो यांनी तिला घडीव रूप दिले. तिला आजही मॉरो यांचेच नाव आहे. मॉरो स्वतः याच आजाराचे रुग्ण होते. छाती उघडून, हृदय थांबवून, महाधमनीतून आत पाहत फुगवट्याचा एक लांबट तुकडा कापून काढतात. छेद कुठे सुरू करायचा याचा नियम काटेकोर असतो. झडपेच्या उजव्या पाकळीच्या तळाखाली सुरुवात करून हात डावीकडे न्यायचा, कारण उजवीकडे थोडाही सरकला तर तो जुडग्यावरच पडतो. नियम पाळला की मूळ जुडगा बहुधा वाचतो. पण कापलेला तुकडा पडद्याच्या डाव्या अंगाचा असतो, आणि त्याच अंगावर डाव्या शाखेचा पंखा पसरलेला असतो. त्यामुळे या शस्त्रक्रियेनंतर साधारण दहांतल्या चार रुग्णांच्या ईसीजीत डावी शाखा बंद पडल्याची खूण उमटते. उत्तम हातांनी, नियमाने केलेल्या शस्त्रक्रियेतही ती उमटते. तिला चूक म्हणता येणार नाही; जिथे काम केले तिथली ती निशाणी आहे.

दुसरी वाट कॅथ लॅबमधून जाते. उलरिक सिगवार्ट यांनी १९९४ साली लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये ती प्रथम वापरली आणि पुढच्या वर्षी तीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक तार हृदयाच्या पुढच्या रक्तवाहिनीत नेतात आणि तिथून पडद्यात शिरणाऱ्या पहिल्या छोट्या फाट्यात एक फुगा फुगवतात, म्हणजे आत सोडलेले काही मागे परतू नये. मग त्या फाट्यात रंगद्रव्य सोडतात. त्याच वेळी सोनोग्राफीच्या पडद्यावर फुगवट्याचा नेमका तेवढाच भाग उजळतो का ते पाहतात. दुसरीच जागा उजळली तर हात आवरतात. जागा बरोबर असली की एक ते तीन मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल अगदी संथपणे सोडले जाते. रुग्णाच्या छातीत कळ येते, कारण ठरवून केलेला हा एक छोटा हार्ट ॲटॅकच असतो. तो भाग मरतो, आकसतो आणि काही महिन्यांत पातळ होतो. या सगळ्याच्या आधी मानेच्या शिरेतून एक तात्पुरती पेसिंगची तार हृदयात ठेवलेली असते. प्रक्रिया सुरू होण्याआधीच अशी तार ठेवावी लागते, यातच या विषयाचे सार आहे. ज्या फाट्यात अल्कोहोल जाते तोच फाटा विजेच्या उजव्या शाखेला रक्त पुरवतो. त्यामुळे या प्रक्रियेनंतर जवळपास निम्म्या रुग्णांत उजवी शाखा बंद पडते.

शस्त्रक्रिया डावी शाखा दुखावते, अल्कोहोल उजवी. माणूस एका शाखेवर वर्षानुवर्षे जगू शकतो, दोन्ही गेल्या तर संदेश पोचतच नाही. म्हणजे ज्याची उजवी शाखा आधीपासूनच बंद आहे त्याच्यावर शस्त्रक्रिया केली तर दुसरीही जाण्याची भीती, आणि ज्याची डावी आधीच बंद आहे त्याला अल्कोहोल दिले तर तेच संकट उलट बाजूने. हे ओळखायला महागडी तपासणी लागत नाही. ईसीजीच्या कागदावरचा एक छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, खालच्या कप्प्यांच्या आकुंचनाची टोकदार लाट निरोगी माणसात तीन चौकोनांच्या आत आटोपते. ती त्यापेक्षा पसरली असेल आणि व्ही-१ या पट्टीत एम अक्षरासारखी दोन टोके दिसली तर दोष उजव्या शाखेत; तिथेच खोल खड्डा आणि डावीकडच्या पट्ट्यांत रुंद, बोथट शिखर दिसले तर डावीत. रिपोर्टावर आरबीबीबी किंवा एलबीबीबी अशी चार अक्षरे छापून येतात आणि फाइलमध्ये जातात. त्या चार अक्षरांचे मोल मेयो क्लिनिकच्या २०१९ सालच्या अभ्यासातून कळते. शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांपैकी ज्यांची वीजवाहिनी आधी निर्दोष होती त्यांच्यात पूर्ण ब्लॉक शंभरात एकालाही झाला नाही. ज्यांची उजवी शाखा आधीच बंद होती त्यांच्यात साधारण तिघांपैकी एकाला झाला. शस्त्रक्रियेची पद्धत आणि तिथली परंपरा एकच, फरक होता तो आधीच्या ईसीजीत. अल्कोहोलच्या प्रक्रियेत सरसकट पाहिले तर दर दहा जणांत साधारण एकाला कायमचा पेसमेकर लागतो. हा ब्लॉक लगेचच होतो असेही नाही; सुरुवातीला ताल ठीक वाटून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, क्वचित आणखी उशिरा तो अडतो. म्हणूनच ‘सगळे नीट झाले, आता घरी का सोडत नाही?’ या प्रश्नाला दिलेले ‘अजून थोडे थांबू’ हे उत्तर रुग्णाच्या हिताचे असते.

ब्लॉक हा या तालबिघाडांतला सर्वांत उघड प्रकार, पण एकमेव नव्हे. वरच्या कप्प्यांची थरथर, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, या आजारात एरवीही चार-पाच जणांत एकाला गाठते, आणि छाती उघडून केलेल्या कोणत्याही हृदयशस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत तिचे प्रमाण वाढते. जाड, ताठर कप्प्याला भरण्यासाठी वरच्या कप्प्याच्या शेवटच्या रेट्याची गरज असते. तो रेटा गेला की कालपर्यंत बरा वाटणारा रुग्ण आज धापा टाकू लागतो. शिवाय वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. म्हणून एचसीएममध्ये ही थरथर आढळली की गुठळीचा धोका मोजणारे एरवीचे गुणांकन न पाहता रक्त पातळ ठेवणारे औषध देण्याचा मार्गदर्शक सल्ला आहे. तिसरी भीती सर्वांत गंभीर. अल्कोहोलने मेलेल्या स्नायूचा व्रण उरतो, आणि व्रणाच्या कडेने वीज चक्राकार फिरून खालच्या कप्प्यांचा जीवघेणा वेगवान ताल सुरू होऊ शकतो. रॉटरडॅमच्या एका गटाने २०१० साली ९१ रुग्णांच्या अनुभवावरून हा इशारा दिला. नंतर युरोपातल्या १,२७५ रुग्णांच्या नोंदींतून दिसलेले चित्र बरेच दिलासादायक होते. या दोन निष्कर्षांत एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवण्याची घाई नको. रॉटरडॅमला वापरलेली अल्कोहोलची मात्रा आजच्या मानाने जास्त होती. व्रण जेवढा मोठा, तेवढी चक्राला जागा मोठी. मात्रा कमी करत जाण्यामागचे एक कारण हेच आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की ताल बिघडवतो तो मुळात आजार, प्रक्रियेवर खापर कशाला? यात तथ्य आहे. अचानक मृत्यू, थरथर, कधी ब्लॉकसुद्धा चाकू किंवा कॅथेटर न लागताही येतात, आणि नंतर दिसलेला प्रत्येक बिघाड प्रक्रियेच्या खात्यावर टाकणे हा अन्यायच. पण शाखेच्या ब्लॉकची बाजू पाहा. आजाराने शाखा गेल्या असत्या तर त्या दोन्ही प्रक्रियांनंतर सारख्याच गेल्या असत्या. कापले की डावी, अल्कोहोल दिले की उजवी, हा फरक आजाराने समजावता येत नाही, शरीररचनेने येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन्ही प्रक्रियांची थेट तुलना करणारी, चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटलेली चाचणी आजवर झालेली नाही. अल्कोहोलकडे बहुधा वयाने मोठे, शस्त्रक्रिया न झेपणारे रुग्ण जातात, आणि वयाबरोबर वीजवाहिनी आपोआपच झिजते. म्हणून ‘दहांत एक’ आणि ‘शंभरात एकाहून कमी’ हे आकडे शेजारी ठेवून शस्त्रक्रिया जिंकली असे म्हणणे चूक ठरेल. इथला मुद्दा एक प्रक्रिया दुसरीपेक्षा चांगली हा नाहीच. उजवी शाखा बंद असलेला रुग्ण आणि डावी शाखा बंद असलेला रुग्ण यांना एकच उत्तर लागू पडत नाही, एवढेच इथे म्हणायचे आहे. आणि एवढे म्हणायला सरासरीची गरज नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: दम लागणे गेले, जिना चढता येऊ लागला, मग एक पेसमेकर बसला तर बिघडले काय? सत्तरीच्या रुग्णासाठी हे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर आहे. टीअर यांचा लेख आला त्याच १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला, पण लार्सन पुढे एकामागून एक २६ यंत्रे वापरत २००१ सालापर्यंत जगले. पेसमेकर म्हणजे आयुष्याचा शेवट नव्हे, याचा याहून चांगला पुरावा नाही. पण २६ हा आकडाही विसरू नये. आजची यंत्रे बरीच वर्षे टिकतात, तरी तिशीतल्या रुग्णाला आयुष्यात ती अनेकदा बदलावी लागतील. दर वेळी जंतुसंसर्गाचा धोका, तारा जुन्या होण्याची चिंता. उजव्या खालच्या कप्प्यातून सतत दिलेला ठोका डाव्या कप्प्याला वाकड्या क्रमाने आकुंचित करतो, आणि काहींत वर्षांनंतर त्याची ताकद घटते. इतिहासातला एक दाखलाही आठवावा. नव्वदच्या दशकात पेसमेकर हाच या अडथळ्याचा उपचार म्हणून पुढे आला होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, ४८ रुग्णांवरच्या चाचणीत यंत्र चालू असताना आणि नुसतेच बसवलेले असताना अशी तुलना झाली, तेव्हा रुग्णांना वाटलेले बरेपण बव्हंशी मनाच्या विश्वासाचे होते असे दिसले. पेसमेकर ब्लॉकपासून जीव वाचवतो. त्याला फुकटची जोड समजणे मात्र योग्य नाही.

चौथा आक्षेप काळाचा आहे. स्नायूच्या आकुंचनालाच थोडा लगाम घालणारे मावाकॅम्टेन हे औषध अमेरिकेत २०२२ साली मंजूर झाले. प्रक्रियेच्या दारात उभ्या असलेल्या ११२ रुग्णांच्या चाचणीत १६ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी साधारण १८ टक्के, तर औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ७७ टक्के रुग्ण प्रक्रियेला पात्र राहिले किंवा त्यांनी ती करून घ्यायचे ठरवले. मग ही गुंतागुंत उद्या इतिहासजमा होईल का? कमी होईल, ही आशा रास्त आहे. पण लगाम जास्त ओढला गेला तर हृदयाची ताकदच कमी होते, म्हणून औषध घेणाऱ्याला वारंवार इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो. शिवाय ते चालू आहे तोवरच उपयोगी, आणि खर्च सगळ्यांना परवडणारा नाही. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी प्रक्रिया राहतीलच. आणि त्या विरळ होत गेल्या तर आणखी एक अडचण येईल. अमेरिकेतल्या २००३ ते २०११ या काळातल्या रुग्णालयीन नोंदींत, जिथे शस्त्रक्रिया फार थोड्या होत तिथे मृत्यूचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर, आणि जिथे सर्वांत जास्त होत तिथे ४ टक्क्यांच्या आत होते. हातातली सवय गेली की धोका वाढतो. म्हणून उद्या प्रक्रिया कमी झाल्या, तर त्या मोजक्या, सरावलेल्या ठिकाणी गोळा होणे आजच्याहून जास्त गरजेचे ठरेल.

शेवटचा आक्षेप हळवा, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारा: हे सगळे आधीच सांगितले तर पेशंट घाबरेल. माणूस घाबरतो हे खरे, पण अंधारात ठेवलेला माणूस नंतर जास्त घाबरतो आणि रागावतोही. तिसऱ्या दिवशीच्या पेसमेकरला तो मग डॉक्टरची चूक समजतो. संमतिपत्रावर सही करण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत. माझ्या ईसीजीत कोणत्या शाखेची खूण आहे? या प्रक्रियेत दुसऱ्या शाखेला धोका किती? पेसमेकर लागला तर पुढच्या वीस वर्षांत काय-काय करावे लागेल? आणि इथे असे किती रुग्ण वर्षाला होतात? पुढच्या पानांत वीजवाहिनीची रचना, दोन्ही प्रक्रियांचे टप्पे, थरथर आणि जीवघेणा ताल, पेसमेकर व शॉक देणारे यंत्र यांची माहिती क्रमाने येईल. ती सलग वाचायला सवड नसेल, तर आधी घरातली जुनी फाइल काढावी आणि त्यातला सर्वांत पहिला ईसीजी शोधावा. भिंतीतली वायर कुठवर शाबूत आहे, ते त्याच कागदावर बहुधा उमटलेले असेल.